मनाची उभारी आणि रोजचा नेम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण 47 वर्षांच्या आहात आणि बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेत 22 वर्षे शिकवत आहात. थोरला मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, शाळेची पटसंख्या दरवर्षी घटत चालली आहे, आणि गेल्या दीड-दोन वर्षांत मनाची पूर्वीची उभारी राहिलेली नाही. आपण मोबाईलवर प्रेरणादायी व्याख्याने ऐकलीत, सलग 21 दिवस वहीत ‘मी आनंदी आहे, मी समर्थ आहे’ असे लिहिलेत, पहाटे पाचला उठून योगासने, ध्यान आणि वाचन असा दिनक्रमही आखलात. आठ-दहा दिवस बरे वाटले आणि मग सारे सुटले. ‘माझ्यातच चिकाटी नाही का, आणि रोजच्या लहान सवयींनी मन खरोखर बदलते का?’ असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. होय, बदलते, मात्र आपण ज्या वाटेने गेलात त्या वाटेने क्वचितच बदलते. पहिल्या प्रश्नाविषयी मला अधिक कळकळीने बोलायचे आहे. 22 वर्षे लहान मुलांच्या हाताला धरून अक्षरे गिरवून घेणाऱ्या बाईंमध्ये चिकाटी नाही, हे मला मान्य होणार नाही. चूक आखणीत झाली, आणि ती आखणी आपल्याला ज्यांनी सुचवली त्यांनी खचलेल्या माणसाची सकाळ कशी असते याचा विचार केलेला नव्हता. मी बेळगावात मानसशास्त्रज्ञ म्हणून समुपदेशनाचे काम करते. पुढे ज्यांचे अनुभव येतील त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी मन प्रसन्न व्हावे आणि मग हातून कामे होतील, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ‘बरे वाटले की फिरायला जाईन’, ‘मन लागले की पुन्हा पेटी वाजवायला घेईन’ ही वाक्ये मी जवळजवळ रोज ऐकते. नैराश्याचा अभ्यास करताना 1970 च्या दशकात पीटर ल्युइन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या साखळीचे दुसरे टोक धरले. माणूस खचतो तेव्हा तो लोकांत मिसळणे, फिरणे, आवडीची कामे करणे हळूहळू कमी करतो. ती कमी झाली की त्यांतून मिळणारे बारीकसारीक समाधान आटते, समाधान आटले की मन आणखी खचते, आणि मग उरलेली कामेही सुटू लागतात. हे चक्र तोडायचे तर कृतीच्या बाजूने हात घालावा, या विचारातून ‘वर्तन-सक्रियता’ ही उपचारपद्धती उभी राहिली. 1996 साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार बदलण्याचा पूर्ण उपचार आणि त्यातील केवळ कृतीचा भाग यांची तुलना केली, तेव्हा नुसता कृतीचा भागही तितकाच उपयोगी पडल्याचे आढळले.

याचे एक उदाहरण आपल्या तालुक्याला अगदी लागून आहे. चोर्ला घाट उतरून आपण ज्या गोव्यात जातो, तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली याच तत्त्वावर एक कार्यक्रम राबवला. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या 495 व्यक्तींवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. रुग्णांशी बोलणारे लोक डॉक्टर नव्हते, तर थोडे प्रशिक्षण घेतलेली त्याच भागातील साधी माणसे होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाला पुन्हा हळूहळू कामाला, माणसांना आणि दिवसाला जोडून देत. नेहमीच्या उपचाराला या भेटींची जोड मिळालेल्यांचे नैराश्य तीन महिन्यांनंतर इतरांपेक्षा अधिक उतरलेले होते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ‘लहान सवयींनी काय होणार’ ही शंका आपल्या प्रश्नाच्या मागे उभी आहे. आपले मन ज्या स्थितीत आहे त्याहून कितीतरी जड मनांवर या वाटेचा उपयोग झालेला आहे.

आता त्या 21 दिवसांच्या वहीविषयी. कॅनडातील जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेल्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितले होते. ज्यांचा स्वतःविषयीचा विश्वास मुळात चांगला होता त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांचा तो कमी होता त्यांना मात्र ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा वाईट वाटले. कारण समजण्यासारखे आहे. आपण ‘मी आनंदी आहे’ असे लिहिता तेव्हा मन आतून लगेच उत्तर देते, ‘कुठे आहेस? काल रात्रीच तर डोळे भरून आले होते.’ ज्याला सर्वाधिक गरज, त्यालाच हे औषध बाधते, म्हणून मी ते कोणालाही देत नाही. आपण ती वही बंद केलीत हे चांगलेच झाले.

मग काय करावे? ‘सवय’ या शब्दापेक्षा मला आपल्या घरांतला जुना ‘नेम’ हा शब्द अधिक उपयोगाचा वाटतो. आपल्या आजीचा नेम आठवून पाहा. अंघोळ झाली की तुळशीला पाणी आणि दिवेलागणीला देवाजवळ निरांजन, एवढाच तो असे. त्यासाठी तिने घड्याळ पाहिले नाही की आज मन लागते का, हे स्वतःला विचारले नाही. तिच्या नेमाला घरातल्याच दुसऱ्या एखाद्या रोजच्या गोष्टीची खुंटी होती. अंघोळ झाली की त्यापाठोपाठ पाणी घालणे आपोआप येई. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 साली मांडलेली गोष्ट नेमकी हीच आहे. ‘मी व्यायाम करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा शब्दांत केलेला निश्चय प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता बरीच वाढते. आजीचा नेम लहानही होता, दोन-तीन मिनिटांचा, त्यामुळे ताप आला असतानाही तो होऊन जाई. आपला पहाटे पाचचा दिनक्रम दीड तासाचा होता आणि त्याला कशाचीही खुंटी नव्हती. मन जड असलेल्या पहिल्याच सकाळी तो कोसळणार होता.

21 दिवसांत सवय लागते ही समजूतही मनातून काढून टाकावी अशी माझी विनंती आहे. तिचे मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या एका निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान 21 दिवस लागतात, असे त्यांना दिसले होते. त्यातले ‘किमान’ गळून गेले आणि चेहऱ्याचीही गोष्ट उरली नाही. प्रत्यक्ष सवयींवर लंडन विद्यापीठातील फिलिपा लॅली यांनी 96 व्यक्तींचा अभ्यास केला, तेव्हा नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, आणि माणसागणिक ही मुदत 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत होती. जेवताना ग्लासभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला फार वेळ लागला. त्यामुळे बाविसाव्या दिवशी ती वही हातात घ्यावीशी वाटली नाही यात नवल नाही. आपण तेव्हा जेमतेम एक तृतीयांश वाटेवर होता.

आपल्याच तालुक्यातील एका निवृत्त सुभेदारांचे उदाहरण येथे देते. 28 वर्षांची नोकरी संपवून ते गावी आले. पहिले चार महिने पाहुण्यारावळ्यांत गेले, मग सकाळी नऊपर्यंत अंथरुणात पडून राहणे सुरू झाले. पलटणीत उठण्यापासून झोपण्यापर्यंतचा प्रत्येक तास बाहेरून बांधलेला असे. ती चौकट एका दिवसात निघून गेली होती, आणि घरच्यांना वाटत होते की आता त्यांना कशाची कमी नाही. त्यांनी स्वतःला पाच किलोमीटर धावायचे ठरवून दिले होते. तीन दिवस धावले, गुडघा दुखला आणि पडून राहण्याला एक सबळ कारण मिळाले. मी त्यांना सांगितले की सकाळचा चहा झाला की कप खाली ठेवायचा, बूट घालायचे आणि वेशीवरच्या मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचे. सारे मिळून सहा-सात मिनिटांचे काम. त्यांना ते अपमानास्पद वाटले आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितलेही. पण आज्ञा पाळण्याची शिस्त अंगात मुरलेली असल्याने ते गेले. तिसऱ्या आठवड्यात देवळाच्या कट्ट्यावर बसणारी दोन माणसे त्यांची वाट पाहू लागली. भाताच्या लागवडीच्या दिवसांत त्यांचा नेम सुटला, पत्नीच्या आजारपणात पुन्हा सुटला, आणि दोन्ही वेळा त्याच सहा मिनिटांपासून सुरू झाला. दीड वर्षानंतर आता ते भरतीची तयारी करणाऱ्या गावातल्या मुलांबरोबर मैदानावर असतात. हे मैदान मी त्यांना सुचवले नव्हते. ते उठून घराबाहेर पडले, म्हणून ते त्यांना सापडले.

आपल्यासाठी पहिला नेम मी सकाळच्या उजेडाचा सुचवते. आपल्या शरीरातील झोप-जागेपणाचे घड्याळ मेंदूतील एका लहान केंद्रात असते आणि त्याला रोज वेळ लावून देण्याचे काम डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड करतो. ते घड्याळ सैल पडले की रात्री झोप लांबते, सकाळी अंग आणि मन दोन्ही जड राहतात. घरातल्या दिव्याचा उजेड बहुधा 500 लक्सच्याही खाली असतो, तर अगदी ढगाळ दिवशीही बाहेरच्या उजेडाचे माप हजारांत जाते. आपल्या भागात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस आपणांस मी सांगायला नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दारे-खिडक्या लावलेल्या, दिवसाही दिवा लागलेल्या घरांत माणसे बसून असतात, आणि माझ्या अनुभवात श्रावण-भाद्रपदात मन खचल्याच्या तक्रारी घेऊन येणारे, जुन्या दुखण्यातून पुन्हा घसरलेले लोक अधिक असतात. म्हणून चहाचा कप हातात घेतला की तो स्वयंपाकघरात न पिता पडवीत किंवा अंगणात उभे राहून प्यावा. पाऊस असला तर पागोळ्यांच्या आत उभे राहावे, पण बाहेर तोंड करून. दहा मिनिटे पुरेत. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी त्याला थोडे चालणे जोडावे. आठवड्यात 150 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस योग्यच आहे, पण ती आपल्यासाठी आजची पायरी नाही. उठण्याची वेळ मात्र रविवारीही तीच ठेवावी. झोपायची वेळ आपल्या हातात पूर्णपणे नसते, उठण्याची असते.

त्या दहा मिनिटांत मोबाईल घरात राहू द्यावा. एवढेच त्याविषयी सांगते. बाकीचे उपदेश आपण पुष्कळ ऐकले असतील.

दुसरा नेम संध्याकाळचा. मनाची एक जन्मजात खोड आहे: वाईट गोष्ट ते घट्ट धरून ठेवते आणि चांगली सहज सोडून देते. रॉय बॉमिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली या विषयावरील कितीतरी संशोधनांचा आढावा घेतला. नातेसंबंध, शिकणे, आठवणी, पैसा अशा जवळजवळ प्रत्येक क्षेत्रात वाईटाचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो, असे त्यांना आढळले. पूर्वजांच्या दृष्टीने हे उपयोगाचे होते. झुडपातली सळसळ विसरणारा माणूस टिकला नसता. आपल्या दिवसात त्याचा परिणाम असा होतो की शाळेत 15 मुलांनी आनंदाने पाढे म्हटले आणि एका पालकाने दाखला मागितला, तर रात्री अंथरुणात तो एक दाखलाच आपल्याबरोबर येतो. मन खोटे बोलत नसते, अर्धेच सांगत असते. उरलेले अर्धे लिहून ठेवण्यासाठी वही हवी.

ती कशी लिहावी यावर सारे अवलंबून आहे. वडगावातील यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या एक बाई माझ्याकडे येत असत. पहिल्या आठवड्यात त्यांच्या वहीत रोज एकच ओळ होती: ‘चांगले काही झाले नाही.’ मी त्यांना ‘चांगले’ हा शब्दच सोडायला सांगितला आणि ज्या क्षणी खांदे जरा सैल झाले असा दिवसातला एक क्षण लिहायला सांगितले. मग ओळ आली: ‘नळाला पाणी आले तेव्हा मी कामावर होते. शेजारच्या अक्कांनी माझ्या घागरी भरून ठेवल्या.’ त्याखाली मी विचारले, त्यांनी असे का केले असेल? बराच वेळ थांबून त्या म्हणाल्या, ‘त्यांचा मुलगा दवाखान्यात होता तेव्हा मी डबा नेऊन देत होते.’ हा ‘का’ फार मोलाचा आहे. मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2005 सालच्या अभ्यासात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन बऱ्या गोष्टी आणि प्रत्येकीचे कारण लिहायला सांगितले होते, आणि त्याचा लाभ सहा महिन्यांनंतरही मोजता आला. ज्यांनी स्वतःहून लिहिणे चालू ठेवले त्यांना तो सर्वांत अधिक झाला. कारण लिहिताना त्या गोष्टीत आपला किंवा दुसऱ्या कोणाचा तरी हात दिसू लागतो, आणि ‘माझ्याने काही होत नाही’ या भावनेला पुराव्यानिशी उत्तर मिळते.

आपल्या वहीत एखादी ओळ अशी असेल: ‘तिसरीतल्या मुलाने आज जोडाक्षर न अडखळता वाचले. चार दिवस मधल्या सुट्टीत मी त्याला पाच मिनिटे जवळ घेऊन बसत होते.’ ‘मी समर्थ आहे’ या वाक्याशी मन वाद घालेल, पण या ओळीशी वाद घालायला त्याला जागा नाही, कारण ते घडलेले आहे. दिवेलागणीनंतर वही उघडावी, तीनचा आग्रह धरू नये, एक पुरे. पहिले दोन-तीन आठवडे रोज लिहावे, मग आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना तो झाला नाही. रोज तेच लिहू लागले की हात चालतो आणि मन दुसरीकडे जाते, हे मीही पाहिले आहे.

पटसंख्येची काळजी या दोन नेमांनी जाणार नाही, आणि ती जावी असेही मी म्हणणार नाही. ज्या शाळेत आपण आयुष्य घातले तिचे वर्ग रिकामे होताना पाहणे हे खरे दुःख आहे. आपल्या भागात अशा दुःखांना एक जुनी पार्श्वभूमीही आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर तीन पिढ्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत आहेत, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे, आणि वर्षानुवर्षे हातात नसलेल्या गोष्टीची वाट पाहणाऱ्या समाजात ‘आपल्या करण्याने काय होणार’ हा सूर घराघरांत सहज शिरतो. तो सूर भाषेच्या प्रश्नापुरता राहिला तर समजण्यासारखे आहे. पण तो माणसाच्या स्वयंपाकघरात, चालण्याफिरण्यात, मुलाला करायच्या फोनमध्ये शिरतो तेव्हा नुकसान होते. मला स्वतःला या बाबतीत कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत दरवर्षी साहित्य संमेलने भरवणाऱ्या मंडळींकडे पाहून बळ मिळाले आहे. न्यायालयाची तारीख त्यांच्या हातात नाही, पण मांडव घालणे, ग्रंथदिंडी काढणे आणि गावातल्या मुलांना व्यासपीठावर उभे करणे त्यांच्या हातात आहे, आणि ते त्यांनी गावाचा नेम असल्यासारखे सांभाळले आहे.

काळजीसाठी एक उपाय मात्र सांगते, तो 1983 साली थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी तपासलेला आहे. काळजीला दिवसातली ठरावीक वेळ आणि जागा द्यावी. शाळेतून आल्यावर, हातपाय धुऊन झाल्यावर अर्धा तास, एकाच खुर्चीवर. दिवसभरात पटसंख्येचा विचार आला की कागदावर एक शब्द टिपून ठेवावा आणि त्याला त्या वेळेवर ढकलावे. त्या अर्ध्या तासात मनापासून काळजी करावी, आणि ज्या बाबतीत काही करता येण्यासारखे आहे तेवढ्यापुरती पुढची पायरी लिहावी: अंगणवाडीताईंना भेटणे, अमुक दोन पालकांच्या घरी जाऊन येणे. अंथरुण ही मात्र काळजीची जागा नव्हे. हा उपाय ऐकताना कृत्रिम वाटतो आणि पहिले चार-पाच दिवस विचार हटत नाहीत; नंतर बहुतेकांचे हटू लागतात.

माणसांविषयी. मुलगा पुण्याला गेल्यावर संध्याकाळची जी जागा रिकामी झाली ती आपण मालिकांनी भरल्याचे लिहिले आहे. रोज कोणा एकाशी, कामाखेरीज, पाच मिनिटे बोलावे, समोरासमोर असेल तर उत्तम. भजनी मंडळात आपण पूर्वी जात होता. पुन्हा जाण्यासाठी आवाज चांगला राहिला आहे की नाही याचा विचार करू नये, टाळ धरून बसावे. हा तिसरा नेम आहे, पण तो आत्ता सुरू करू नये. पहिला महिनाभर केवळ उजेडाचा नेम, दुसऱ्या महिन्यात वहीची भर, आणि माणसांचा नेम त्यानंतर. एकदम तीन सुरू केले तर आपण पुन्हा पहाटे पाचच्या दिनक्रमावर पोहोचू. काळजीची वेळ मात्र गरज भासेल तेव्हा कधीही वापरावी.

नेम मोडेल. तो मोडण्याविषयी आपल्या परंपरेत जी समज आहे ती आधुनिक माणसाने हरवली असे मला वाटते. घरात सुतक आले की देवपूजा थांबते, आणि दिवस सरले की पुन्हा सुरू होते. मधल्या दिवसांचा हिशेब कोणी मागत नाही, आणि ‘आता नेम मोडलाच आहे तर कशाला’ असेही कोणी म्हणत नाही. खंड हा नेमाचाच एक भाग मानलेला आहे. लॅली यांच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडला नव्हता. फरक पाडते ती चुकलेल्या दिवसानंतरची स्वतःला दिलेली बोलणी. 2020 च्या टाळेबंदीत बेळगावातील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरचे माझे सकाळचे फिरणे थांबले आणि मैदान पुन्हा खुले झाल्यावरही मी चार महिने गेले नाही. त्या काळात मला जे हाताळावे लागले ते फिरण्यापेक्षा ‘इतरांना सांगणारी मी स्वतः हे करत नाही’ ही टोचणी अधिक होती. शेवटी मी फाटकापर्यंत जाऊन परत येण्यापासून आरंभ केला. आपणही खंड पडल्यावर सर्वांत लहान रूपाने सुरुवात करावी: चहाचा कप, पडवी, दोन मिनिटे.

आता एक गोष्ट आधी तपासून घ्यावी लागेल, आणि ती मी शेवटी लिहीत असले तरी आपण सर्वांत आधी करावी. थायरॉईडचे काम मंदावले, रक्तातले हिमोग्लोबिन किंवा बी-12 जीवनसत्त्व कमी झाले, तर थकवा, उदासी आणि मन न लागणे ही लक्षणे हुबेहूब मनाच्या दुखण्यासारखी दिसतात. आपण पूर्ण शाकाहारी असल्याचे लिहिले आहे, त्यामुळे बी-12 कडे विशेष लक्ष द्यावे. भारतीय स्त्रियांची पाळी साधारण 46-47 च्या सुमारास थांबते आणि त्याच्या आगेमागे झोप व मनःस्थिती बिघडणे सामान्य आहे, हेही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. या तपासण्या साध्या रक्ताच्या आहेत. शरीरात कमतरता असताना केवळ नेमाच्या जोरावर मन उभे करायला निघणे म्हणजे स्वतःवर अन्याय आहे.

आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा भाग मन उदास राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण घरच्यांवर ओझे आहोत असे वाटत असेल, तर ते नैराश्याचे दुखणे असू शकते आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात ही सोय आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नये. 14416 हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो. डॉक्टरांशी कन्नडमध्ये बोलता येत असले तरी मनातले सांगताना मराठीत सांगण्याची परवानगी मागून घ्यावी, आणि गरज पडल्यास सोबत दुभाष्याचे काम करील असे विश्वासातले माणूस न्यावे. व्यवहार दुसऱ्या भाषेत होतो; ‘आत काहीतरी तुटल्यासारखे वाटते’ हे मात्र ज्या भाषेत आई रागावत होती आणि जवळ घेत होती त्याच भाषेत नीट सांगता येते, आणि निदान त्या सांगण्यावरच ठरते.

तपासण्या झाल्या की उद्याच्या चहापासून सुरुवात करावी. आठ आठवड्यांनी ‘मी आनंदी झाले का’ असे स्वतःला विचारू नये. पाहायच्या गोष्टी याहून साध्या आहेत. सकाळी उठल्यावर अंगणात जाईपर्यंत लागणारा वेळ कमी झाला का, रात्री दाखल्याच्या बरोबरीने एखादा पाढाही आठवू लागला का, मुलाला फोन करताना आपण त्याच्या जेवणाखेरीज दुसरे काही विचारले का, हे पाहावे. यांतले एकही हलले नसेल तर ती वही घेऊन माझ्याकडे किंवा आपल्याला सोयीच्या अन्य समुपदेशकाकडे यावे. कोरी पाने असतील तरी चालतील, त्यांवरूनही पुष्कळ समजते.